घोडेवाला चित्रकार : जॉर्ज स्टब्स

रौप्यमहोत्सवी स्मरणिका काढायचं ठरलं तेव्हा संपादक मंडळातली दोघं-तिघं माझ्याकडे आली आणि पावसाळ्यात पाळीव प्राण्यांची काळजी कशी घ्यावी यावर दोन पानं लिहून द्या, असं सांगून गेली. त्यात त्यांची काही चूक नाही. गेली पंचवीस वर्षं या सोसायटीच्या जिन्यात, लिफ्टमध्ये आणि पार्किंगमध्ये मी गोचीड, जंत आणि लसीकरण या तीनच विषयांवर बोलत आलोय. पण आता वय झालं, प्रॅक्टिस बंद केली, म्हणून यावेळी जरा हट्ट केला. ज्या माणसाबद्दल मी पन्नास वर्षं मनात बाळगून आहे, त्याच्यावर लिहू द्या म्हटलं. मंडळींनी मोठ्या मनाने मान्य केलं. तर हा लेख त्या माणसाबद्दल आहे. जॉर्ज स्टब्स. इंग्लंडमधला चित्रकार. जन्म १७२४, मृत्यू १८०६. घोडे आणि कुत्रे रंगवणारा.

त्याची माझी गाठ कशी पडली ते आधी सांगतो. परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात मी शिकायला आलो तेव्हा गावात माझी ओळख ‘ढोरांचा डॉक्टर’ अशी होऊन बसली होती. लग्नाच्या वेळी तर मजाच. डॉक्टर मुलगा म्हणून स्थळ यायचं, आणि कसला डॉक्टर ते कळलं की चहाचे कप अर्धे ठेवून पाहुणे उठायचे. त्या वयात हे लागायचं. पहिल्या वर्षाला शरीररचनाशास्त्र होतं. विच्छेदनाच्या हॉलमध्ये फॉर्मॅलिनने डोळे झोंबायचे, हाताचा वास जेवतानाही जात नसे. अशाच एका दिवशी आमच्या सरांनी एक मोठं पुस्तक टेबलावर उघडलं. पानावर घोडा होता, पण त्याच्या अंगावर कातडी नव्हती. पुढच्या पानावर स्नायूंचा वरचा थर नव्हता. त्याच्या पुढच्या पानावर आणखी एक थर कमी. असं करत करत शेवटी नुसता सांगाडा. आणि नवल म्हणजे तो घोडा प्रत्येक पानावर चालत होता! एक पाय उचललेला, मान ताठ. मेलेलं जनावर आम्ही रोज बघत होतो, पण असं चालणारं कधी बघितलं नव्हतं. हे काढणारा माणूस डॉक्टर नव्हता, चित्रकार होता, असं सरांनी सांगितलं. तेव्हापासून हा माणूस डोक्यात बसला.

स्टब्सचा जन्म लिव्हरपूलचा. वडील कातडी कमावण्याच्या धंद्यात. म्हणजे मेलेल्या जनावराची कातडी, तिचा वास, ती कशी सोलली जाते, हे सगळं त्याने लहानपणापासून घरातच बघितलेलं. पोरवयातच शेजारच्या एका डॉक्टरकडून हाडं मागून आणून तो त्यांची चित्रं काढायचा, असं त्याच्या चरित्रात येतं. पंधरा-सोळा वर्षांचा होईपर्यंत वडिलांच्याच हाताखाली काम केलं. मग एका चित्रकाराकडे शिकायला राहिला. पण तिथे मोठ्या घरातल्या जुन्या चित्रांच्या नकला करायच्या होत्या. हे काही त्याला पटलं नाही. थोड्याच दिवसांत तो तिथून बाहेर पडला आणि त्यानंतर त्याने कुणालाही गुरू केलं नाही.

पुढे तो यॉर्कला गेला. पोटासाठी लोकांची व्यक्तिचित्रं काढायची आणि तिथल्या रुग्णालयात मानवी शरीररचना शिकायची, असा दुहेरी उद्योग. शिकता शिकता तो विद्यार्थ्यांना शिकवायलाही लागला. तिथल्या डॉ. जॉन बर्टन यांनी प्रसूतिशास्त्रावर पुस्तक लिहिलं, ते १७५१ साली छापलं गेलं. त्यातली चित्रं स्टब्सची. तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापायची कला त्याला येत नव्हती, तर या कामासाठी तो तीही शिकला. १७५४ साली तो रोमला जाऊन आला. त्या काळी चित्रकार रोमला जायचे ते जुन्या शिल्पांपुढे हात जोडायला. हा गडी मात्र असं मनाशी ठरवून परत आला की निसर्ग हा कलेपेक्षा मोठा आहे, तेव्हा शिकायचं ते निसर्गाकडूनच.

आता मुख्य गोष्ट. १७५६च्या सुमाराला स्टब्सने लिंकनशायरमधल्या हॉर्कस्टो नावाच्या खेड्यात एक शेतघर भाड्याने घेतलं. सोबत मेरी स्पेन्सर, जी पुढे शेवटपर्यंत त्याच्या सोबत राहिली. त्या घरात दोघांनी सुमारे अठरा महिने फक्त एकच काम केलं, घोडे उलगडून बघायचं. पद्धत अशी होती. जिवंत घोडा आणायचा, मानेची शीर कापून रक्त वाहू द्यायचं, आणि मग रक्तवाहिन्यांत मेणचरबीसारखा पदार्थ भरायचा, म्हणजे त्या फुगलेल्या राहून नीट दिसतात. छताला लोखंडी दांडा, त्याला आकडे. त्या आकड्यांवर घोडा टांगायचा आणि खुरांखाली फळी देऊन पाय चालण्याच्या ठेवणीत ठेवायचे. मग एकेक थर सोलत जायचं, मापं घ्यायची, चित्र काढायचं, टिपण लिहायचं. फॉर्मॅलिन तेव्हा नव्हतंच. एक घोडा तर अकरा आठवडे टिकवला होता म्हणतात. अकरा आठवडे! आम्हाला फॉर्मॅलिनमध्ये ठेवलेल्या जनावराजवळ दोन तास उभं राहणं जड जायचं. मेरीबाईंनी ते दिवस कसे काढले असतील, हे ज्याचं त्याने ताडावं. नुसता टेकू म्हणून नव्हे, त्या प्रत्यक्ष मदत करत होत्या.

इथे थांबून एक सांगायला हवं, कारण मुलं हा लेख वाचतील. चित्रासाठी घोडे मारले, हे आज कुणालाही बरं वाटणार नाही. मलाही वाटत नाही. त्या काळी म्हातारी, लंगडी जनावरं अशीही मारलीच जात, एवढं म्हणून ती गोष्ट चांगली ठरत नाही. पण पशुवैद्य म्हणून हेही मला माहीत आहे की माझ्या हातून जी चार जनावरं वाचली, ती आधी कुणीतरी मेलेली जनावरं डोळ्यांत तेल घालून बघितली होती म्हणून वाचली. हे देणं कुठे फेडायचं, याचं उत्तर माझ्याकडे नाही. स्टब्सपुरतं बोलायचं तर त्याने त्या घोड्यांचा एकही केस वाया जाऊ दिला नाही, असं म्हणता येईल.

चित्रं घेऊन तो लंडनला आला. ती तांब्यावर कोरून देणारा कारागीर शोधू लागला, तर कुणी हात लावायला तयार होईना. मग स्वतःच बसला. दिवसा गिऱ्हाइकांची चित्रं रंगवायची, आणि सकाळी लवकर अन् रात्री हे कोरीवकाम. यात वर्षं गेली. अखेर १७६६ साली ‘घोड्याची शरीररचना’ हे त्याचं पुस्तक प्रसिद्ध झालं. पुढे कित्येक पिढ्या चित्रकारांनी आणि पशुवैद्यांनी ते वापरलं. आमच्या सरांनी टेबलावर उघडलं होतं ते हेच, अर्थात पुनर्मुद्रण.

लंडनमध्ये त्याला काम भरपूर मिळालं. इंग्लंडच्या सरदार-जमीनदारांना तेव्हा रेसच्या घोड्यांचं वेड लागलेलं होतं. आपल्याकडे पुण्या-मुंबईच्या रेसकोर्सवर जो थरोब्रेड घोडा पळतो, त्या जातीची घडण इंग्लंडमध्ये त्याच शतकात होत होती. आपल्या घोड्याचं हुबेहूब चित्र भिंतीवर असावं, असं प्रत्येक मालकाला वाटे, आणि घोडा आतून बाहेरून ओळखणारा चित्रकार एकच होता. शिंगरांसह उभ्या असलेल्या घोड्यांची त्याची चित्रं फार गोड आहेत. एखाद्या लग्नघरात बायका घोळक्याने बोलत उभ्या असाव्यात, तशा त्या घोड्या उभ्या असतात आणि शिंगरं त्यांच्या पायांत घुटमळतात.

सगळ्यांत गाजलेलं चित्र व्हिसलजॅकेट नावाच्या घोड्याचं. मार्क्विस ऑफ रॉकिंगहॅम यांचा हा घोडा. १७६२च्या सुमाराला काढलेलं हे चित्र साधारण साडेनऊ फूट उंच आणि आठ फूट रुंद आहे, म्हणजे घोडा जवळपास खऱ्या आकाराचा. मागच्या दोन पायांवर उभा राहिलेला. खोगीर नाही, लगाम नाही, स्वार नाही. खाली जमीन नाही, मागे झाड नाही, आभाळ नाही. नुसती फिकट पिवळसर पार्श्वभूमी, खुरांखाली थोडीशी सावली, आणि घोडा. चित्र पूर्ण होत आलं असताना ते बघून खरा व्हिसलजॅकेट बिथरला आणि समोरच्या घोड्यावर चालून गेला, अशी गोष्ट सांगतात. खरी-खोटी देव जाणे, पण चित्र बघितलं की ती खोटी वाटत नाही. काही वर्षांपूर्वी मुलीकडे लंडनला गेलो होतो. बाकी लोक राणीचा वाडा बघायला गेले, मी नॅशनल गॅलरीत जाऊन या चित्रासमोरच्या बाकावर बसलो. कानशिलाजवळची शीर, मानेतला ताण, पोटाखालून गेलेली नस, सगळं जिथल्या तिथे. डॉक्टरी नजरेने चूक शोधायला गेलो होतो. अर्ध्या तासाने लक्षात आलं की आपण चूक शोधायचं विसरलो.

कुत्रेही त्याने तितक्याच मनापासून रंगवले. शिकारी फॉक्सहाउंडची जोडी, स्पॅनियल, आणि माझा सगळ्यांत आवडता म्हणजे होडीत उभा असलेला पांढरा पूडल. त्या पूडलचा चेहरा बघा. पायाखालची होडी हलतेय हे त्याला आवडलेलं नाही, पण मालकाच्या भरवशावर तो उभा आहे. दवाखान्याच्या टेबलावर ठेवलेल्या किती कुत्र्यांच्या तोंडावर मी हाच भाव बघितलाय! स्टब्सचे कुत्रे माणसासारखे रडत-हसत नाहीत. ते कुत्रेच असतात. फक्त कुणीतरी त्यांच्याकडे पुरता वेळ देऊन बघितलेलं असतं.

बघितलं नाही तर काय होतं, याचंही उदाहरण त्याच्याच चित्रांत आहे. कॅप्टन कुकच्या पहिल्या सफरीहून परत आलेल्या जोसेफ बँक्स यांनी त्याच्याकडून ऑस्ट्रेलियातला कांगारू आणि तिथला रानकुत्रा डिंगो, अशी दोन चित्रं करून घेतली. जिवंत प्राणी समोर नव्हते. कांगारूची आणलेली कातडी होती, बाकी वर्णनावर भागवायचं. युरोपात या प्राण्यांची ही पहिलीच रंगीत चित्रं, म्हणून त्यांना मोठं मोल आहे. पण तो डिंगो त्याच्या इतर कुत्र्यांसारखा आपल्याकडे बघत नाही, असं मला तरी वाटतं.

आपल्या देशाशीही त्याचा एक धागा आहे. मद्रासचे गव्हर्नर जॉर्ज पिगॉट यांनी इंग्लंडला परतल्यावर तिसऱ्या जॉर्ज राजाला भारतातला एक चित्ता भेट दिला. सोबत त्याला सांभाळणारी भारतीय माणसंही होती. १७६४ साली विंडसरच्या जंगलात चित्त्याकडून सांबराची शिकार करवून दाखवायचा बेत केला. आपल्या कोल्हापूरच्या दरबारातही अशी पाळीव चित्त्यांची शिकार चाले, जुन्या लोकांना ते ठाऊक असेल. विंडसरला मात्र फजिती झाली. त्या इंग्रजी सांबराने शिंगं रोखली आणि चित्त्यालाच पळवून लावलं! या प्रसंगानंतर स्टब्सने चित्ता, सांबर आणि दोन भारतीय माणसं यांचं मोठं चित्र काढलं, ते मँचेस्टरच्या कलादालनात आहे. एकजण चित्त्याला धरून उभा आहे, दुसरा त्याला सावज दाखवतोय. दोघांचे चेहरे, पांढरे कपडे, फेटे, सगळं अदबीने रंगवलंय. आपल्या मुलखातल्या त्या दोन माणसांना त्याने चेष्टेचा विषय केलं नाही, याचं मला बरं वाटलं.

इतकं सगळं असूनही मानाच्या पंगतीत त्याचं पान मागेच मांडलं गेलं. पुराणकथा, इतिहास, राजेरजवाडे रंगवणारे ते मोठे चित्रकार. हा आपला घोडेवाला. त्याला हे लागत असणार. वेजवूड या प्रसिद्ध कुंभारकामाच्या कारखानदाराकडून मोठाल्या मातीच्या फरशा भाजून घेऊन त्यावर त्याने मीनाकारीसारख्या रंगांत चित्रं केली. हे रंग भट्टीत पक्के होतात, कधी विटत नाहीत. खर्च फार आणि गिऱ्हाईक थोडं. रॉयल ॲकॅडमीने १७८१ साली त्याला पूर्ण सभासद म्हणून निवडलं, पण नियमाप्रमाणे जे चित्र संस्थेला द्यायचं ते त्याने दिलंच नाही. प्रदर्शनात आपली मीनाकारीची चित्रं नीट लावली नाहीत, याचा राग होता म्हणतात. सभासदत्व अडकलं ते अडकलंच. पुढे नामांकित रेसच्या घोड्यांची चित्रमालिका करून लंडनमध्ये स्वतंत्र दालन उघडलं, तेही चाललं नाही. उतारवयात पैशाची ओढाताण सुरू झाली.

आणि पंचाहत्तराव्या वर्षी या म्हाताऱ्याने आपलं सगळ्यांत मोठं काम केलं. १७९९ साली न्यूमार्केटला हॅम्बलटोनियन आणि डायमंड या दोन घोड्यांत तीन हजार गिनींची शर्यत झाली. हॅम्बलटोनियन जिंकला, पण जेमतेम अर्ध्या मानेने. आणि चाबूक आणि टाचांनी रक्तबंबाळ होऊन. मालकाने जिंकलेल्या घोड्याचं चित्र सांगितलं. स्टब्सने जवळपास बारा फूट लांबीच्या कॅनव्हासवर तो रंगवला, पण जिंकताना नव्हे. शर्यत संपल्यानंतर, मोतद्दार आणि तबेल्यातला पोरगा त्याला पुसून काढताहेत, तो क्षण. कान मागे पडलेले, तोंड उघडं, अंगातला जीव संपलेला. मोतद्दाराचा हात घोड्याच्या पाठीवरून पलीकडे गेलेला. ती दोन माणसं थेट आपल्याकडे बघतात, जणू विचारताहेत, झालं समाधान? टाळ्या वाजवणारा एकही माणूस चित्रात नाही. मालकाने पैसे दिले नाहीत. स्टब्स कोर्टात गेला आणि निकाल त्याच्या बाजूने लागला. (आमच्या खजिनदारांना हा प्रसंग विशेष आवडेल. थकबाकी कितीही मोठ्या माणसाची असो, सोडायची नाही!)

त्यानंतरही तो बसून राहिला नाही. माणूस, वाघ आणि कोंबडी या तिघांची शरीररचना शेजारी शेजारी मांडून दाखवायची, असं नवं पुस्तक त्याने सत्तरी उलटल्यावर हातात घेतलं होतं. त्याचे काही भाग निघाले. पण ते पुरं व्हायच्या आत, १० जुलै १८०६ रोजी, लंडनच्या राहत्या घरी तो गेला. वय ८१.

त्यानंतर शंभरेक वर्षं घोड्यांचे शौकीन सोडले तर त्याला फारसं कुणी विचारलं नाही. विसाव्या शतकात मात्र लोकांचे डोळे उघडले. व्हिसलजॅकेट १९९७ साली नॅशनल गॅलरीने एक कोटी दहा लाख पौंडांना घेतलं. आणि हॉर्कस्टोच्या त्या शेतघरात काढलेली घोड्यांची मूळ चित्रं आज कुठे आहेत? पुढच्या पिढीतल्या लँडसियर या प्राणिचित्रकाराच्या घरातून ती रॉयल ॲकॅडमीकडे आली. ज्या संस्थेला त्याने एक चित्र दिलं नाही, तिच्याकडे आता त्याच्या आयुष्यातलं सगळ्यांत कष्टाचं काम जपून ठेवलंय.

एक घरची गोष्ट सांगून संपवतो. आपल्या गेटवरचा वाघ्या सगळ्यांना आठवत असेल. सोसायटीने त्याला कधी ठराव करून घेतलं नव्हतं, तो आपला आपण आला आणि अकरा वर्षं राहिला. त्याच्यावरून सर्वसाधारण सभेत झालेले वादही आठवत असतील. शेवटी त्याच्या किडन्या गेल्या. पंप हाउसच्या मागे तो चार दिवस पडून होता, पाणीही ठरत नव्हतं. पाचव्या दिवशी पहाटे मी त्याला शेवटचं इंजेक्शन दिलं. कुणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर सभा झाली असती, आणि तेवढे दिवस त्याने काढायला हवे होते. काही मंडळी त्यानंतर बरेच दिवस माझ्याशी बोलली नाहीत. मी खुलासा केला नाही, आज करतोय. निर्णय बरोबर होता असं मला अजूनही वाटतं, पण विचारायला हवं होतं, हेही खरं.

त्या आठवड्यात सी विंगमधला एक मुलगा, तेव्हा तिसरीत असेल, माझ्याकडे वाघ्याचं चित्र घेऊन आला. स्केच पेनने काढलेलं. बाकी सगळं बेताचं, पाय तर पाचही असू शकतील असे. पण डाव्या कानाचा फाटलेला टोकाचा तुकडा आणि बसताना मागचा उजवा पाय बाहेर टाकायची त्याची सवय, दोन्ही बरोबर होतं. अकरा वर्षं त्याला तपासणाऱ्या डॉक्टरलासुद्धा ती पायाची सवय कागदावर बघूनच आठवली. पोराने त्याच्याकडे बघितलं होतं. ते चित्र माझ्या दवाखान्यात व्हिसलजॅकेटच्या छापील चित्राशेजारी लावलं होतं, आता घरी आहे. संपादकांना विनंती केलीय, जागा उरली तर या लेखाखाली छापा म्हणून.

कुणी ढोरांचा डॉक्टर म्हणो, कुणी घोडेवाला म्हणो. समोर जो जीव उभा आहे त्याच्याकडे नीट बघायचं, एवढंच काम होतं आणि आहे. सोसायटीच्या रौप्यमहोत्सवाला मनापासून शुभेच्छा. आणि हो, पावसाळा जवळ आलाय, कुत्र्यांची लस राहिली असेल तर या आठवड्यात उरकून घ्या.

– बी विंगमधला एक निवृत्त पशुवैद्य